साखर वेगळी ठेवा

महोदय, तपासणीत माझं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा) ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, पण इथून मागे फिरता येतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी जमलं. रात्रीचा भात सुटला, ज्वारीची भाकरीही दोनच (भाकरी कितीही चालते, हा आपल्या सोलापूरकरांचा गैरसमज!), सोबत मेथी, कांदा, थोडी शेंगाचटणी. जेवणानंतर सिद्धेश्वर तलावाकडे फेरी. अडतं ते बाहेर. कार्यालयात, लग्नात, सांत्वनाला गेलं तरी किटलीतला चहा आधीच गोड. नको म्हटलं की माणसं दुखावतात. कळकळीची विनंती आहे, चहा बिनसाखरेचा करा, शेजारी साखरेची वाटी आणि चमचा ठेवा.

— एक वाचक, सोलापूर