बोटीवरची बादली आणि बाकी सगळं ठीक

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. सगळ्यात आधी सांगते, मी सुखरूप न्यू जर्सीला परत आलेय, हातपाय जागेवर आहेत, कानही ठीक आहेत. पाण्यातला तो फोटो ग्रुपवर टाकला तेव्हापासून आईचे सात मिस्ड कॉल दिसतायत, पण फोनवर बोलायला गेलं की तू रडतेस आणि बाबा "दादाशी बोल" म्हणून फोन पुढे करतात, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढतेय. दादा वाचून दाखवेलच. (दादा, पैशाचं शेवटी आहे, तिथे जरा दम घेऊन वाच.)

तर की लार्गो. तिथे स्कूबा डाइव्हिंगला गेले होते, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरायचं. फ्लोरिडात, मायामीपासून गाडीने सव्वा-दीड तास खाली. एकटी नव्हते, ऑफिसातले आम्ही चौघं होतो, दोन मुली दोन मुलगे, खोल्या वेगळ्या होत्या, हे आत्याने विचारायच्या आधीच तिला सांगून टाका. "मालवणात समुद्र काय कमी होता?" असं बाबा म्हणाले ते दादाने कळवलंय. बाबा, मालवणात मला कधी कोणी पाण्यात उतरू दिलं का? दादा पाहुण्यांना मास्क लावून खाली न्यायचा आणि मी किनाऱ्यावर बसून त्यांच्या चपला सांभाळायचे. असो, आता उगाळत नाही.

खोल म्हणाल तर 25-30 फूट, आपल्या परसातल्या विहिरीएवढं. रीतसर सर्टिफिकेट काढलंय, डाइव्हिंगचा वेगळा इन्शुरन्सही आहे. आणि आई, तू कुठेतरी वाचलंस ना की डाइव्ह करून लगेच विमानात बसलं की रक्तात बुडबुडे होतात, ते खरं आहे, म्हणून तर दोन-तीन दिवस डाइव्ह केल्यावर निदान 18 तास थांबायला सांगतात आणि मी चोवीस तासांच्या वर थांबले. त्या वेळात नुसती झोपा काढल्या. जेवत होते. तांदळाची भाकरी नव्हती पण मासा होता, ताजा, फक्त त्याला ना मीठ ना मसाला, बिचारा.

एक गंमत सांगते. तिथे पाण्याखाली येशूचा पुतळा आहे, ब्रॉन्झचा, दोन्ही हात वर केलेला, 1965 साली ठेवलेला. आई, तू माझ्या लग्नासाठी देव पाण्यात घालून बसलीयस, या लोकांनी खरंच घातलाय आणि साठ वर्षं झाली तरी बाहेर काढलेला नाही! तेव्हा माझ्या बाबतीत इतक्यात धीर सोडू नकोस.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. इथली टिप.

हॉटेलातली टिप मला आता पाठ झालीय, बिलाच्या 18-20 टक्के, नाही दिली तर जेवण अंगाला लागत नाही. पण बोटीवर पण द्यायची असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी दोन डाइव्ह झाले. बोटीवर तांडेल आणि दोन खलाशी, म्हणजे इथे कॅप्टन आणि मेट म्हणतात, त्यातला एक पोरगा असेल पंचवीसचा. त्याने माझी टाकी बांधली, हवा किती आहे ते दाखवणारं गेज दोनदा बघितलं, पट्टा सुटला होता तो घट्ट केला. बोट बुयाला, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणेच्या गोळ्याला बांधून ठेवतात (प्रवाळ तुटू नये म्हणून नांगर टाकत नाहीत), तिथे ती जी डुलायला लागली की मला पोटात ढवळलं आणि, नको, वर्णन करत नाही, पण त्याने काही न बोलता बादलीभर पाणी ओतून सगळं धुतलं आणि मला आल्याची गोळी दिली. आलेपाक नेला असता तर बरं झालं असतं, आई म्हणालीच होती. वर आल्यावर शिडीशी उभं राहून पायातले फिन (पोहायचे पंखे) काढून घेतले, हाताला धरून वर ओढलं, मग हजेरी. हजेरी म्हणजे शाळेसारखी, ज्याचं त्याने स्वतःच ओरडायचं, दुसऱ्याने "ती आहे" म्हटलेलं चालत नाही, कोणी पाण्यात राहून जाऊ नये म्हणून. माझं नाव त्याने असं काही घेतलं की मी दोनदा गप्पच बसले, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

परत येताना पुढे एक छोटी प्लास्टिकची बादली ठेवली होती, तिच्यावर कासवाचं स्टिकर. मला वाटलं कासवं वाचवायची वर्गणी! म्हटलं, घरी जाऊन ऑनलाइन देऊ. सगळे उतरताना त्यात नोटा टाकत होते आणि मी तिघांशी हात मिळवून, थँक्यू थँक्यू करत, मोठी शहाणी असल्यासारखी खाली उतरले. आमच्यातले बाकीचे तिघंही तसेच, म्हणजे चारही देशी फुकटे.

दुपारी जेवताना बोटीवरचीच एक बाई भेटली, सत्तरीची, एकटी डाइव्ह करते (आई, बघ). तिने हसत हसत कान उपटले. तिचं म्हणणं असं की इथे टक्के नाही, टाकी मोजायची, एका डाइव्हला एक. टाकीमागे 5 ते 10 डॉलर, म्हणजे दोन टाक्यांच्या फेरीला माणशी 10 ते 20. रोख. नोटा कोरड्या पिशवीत वेगळ्या ठेवायच्या, नाहीतर शेवटी ओल्या पाकिटात हात घालून बसावं लागतं. बादलीतलं बोटीवरचे सगळे वाटून घेतात, पाण्यात सोबत यायला वेगळा गाइड घेतला असेल तर त्याच्या हातात वेगळे. आणि पाणी गढूळ होतं, मासे दिसले नाहीत म्हणून कमी द्यायचे नाहीत, समुद्र काय त्यांच्या बापाचा आहे? (हे शेवटचं माझं भाषांतर.) मी म्हटलं, अहो पण फेरीचे शंभरावर डॉलर भरलेत की. तर म्हणे ते दुकानाला, पोरांना त्यातलं फार थोडं मिळतं.

मग कळलं की हॉटेलात पण असंच आहे. टिप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला निदान 2.13 डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याला चालतं, 1991 पासून तोच आकडा, बाकीचं गिऱ्हाइकाने भरून काढायचं आणि नाहीच भरलं तर मग मालकाने. फ्लोरिडाचा स्वतःचा दर याच्या बराच वर आहे, पण रीत तीच. म्हणजे पगार मालकाने द्यायचा की मी, हेच इथे धड ठरलेलं नाही. मला अजूनही हे पटत नाही, आधीच तिकिटात घ्या ना. पण पटत नाही म्हणून त्या पोराचे वीस डॉलर ठेवून घ्यायचे हेही बरं नाही ना.

रात्री झोप लागली नाही. बाबा, तुमची आठवण आली. किल्ल्याच्या होडीवर मुंबईच्या एका माणसाने पन्नासची नोट पुढे केली होती आणि तुम्ही "तिकीट काढलंत ना, झालं मग" म्हणून परत दिलीत. मी आठवीत होते, वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. आणि त्याच पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना माझ्या क्लासची फी दोनदा मागून आली, तेही आठवतं. राग नाही हां, नुसतं आठवलं. तुम्ही त्याला भीक म्हणालात. पण दिवाळीत आपण पोस्टमनला पोस्त देतो ती काय भीक असते?

दुसऱ्या दिवशी चढतानाच त्या पोराला वीस दिले, कालचे म्हणून, आणि उतरताना बादलीत वीस आजचे. काय बोलायचं ते घोकून गेले होते, ऐनवेळी "सॉरी, कासव" एवढंच तोंडातून आलं. तो हसला, नोट खिशात घातली आणि माझी टाकी उचलायला गेला. कालच्यासारखाच. पट्टा परत दोनदा बघितला.

बरं, आता बाकीचं पटापट. सहलीला किती पैसे गेले ते सांगत नाही, तुम्ही लगेच गुणाकार करता. या महिन्यात 40 ऐवजी 25 हजारच आलेत ते यामुळे नाही, म्हणजे थोडं यामुळे, थोडं भाडं वाढलं म्हणून. पुढच्या महिन्यात भरून काढते. वहिनीला म्हणावं फ्रिज घेऊन टाका, माझ्यासाठी थांबू नका. गणपतीला जमणार नाही. व्हिसाच्या स्टॅम्पिंगचं काही सांगता येत नाही, एकदा बाहेर पडले आणि अडकले तर नोकरीच जाईल. आजीला लगेच सांगू नका, मी सांगेन. कुडाळच्या त्या स्थळाशी बोलले, डॅलसवाल्याशी, अर्धा तास. बरा आहे. पाण्याला घाबरतो म्हणाला. परत बोलेन म्हटलंय, तेव्हा आत्याने अजून कोणाला काही बोलू नये. आणि नाही, सहलीतल्या दोघांपैकी कोणी नाही, आई, मला माहितीय तू फोटो मोठा करून बघितला असशील.

नारळी पौर्णिमेला माझ्या नावाचाही एक नारळ सोडा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
धाकटी

ता.क. दादा, हे मोठ्याने वाचू नकोस. इंजिनाचा हप्ता 15 ला ना, 10 पर्यंत तुझ्या खात्यात टाकते, बाबांना बोलू नकोस. आणि यंदा सीझन सुरू झाला की बोटीवर एक डबा ठेव. वर काही लिहू नकोस, बाबांच्या नजरेला पडेल. नुसता ठेव.