काकांना पत्र: आधी तुमची तपासणी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही फक्त माझीच चौकशी करता, म्हणून आधी माझं सांगून टाकते. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग दिसलेत, पण हा एमएसच (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते तो आजार) आहे असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. मायग्रेनने, बीपीनेही असे डाग पडतात. एमएस म्हणायला ते ठरावीक जागी हवेत, आणि वेगवेगळ्या वेळी उमटल्याची खूणही बघतात. कधी पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासणीतून निदानाला आधार मिळतो. माझ्या पाण्यात काही सापडलं नाही. आता काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. डाव्या पायाला मुंग्या आहेतच. रात्री चादर लागली तरी ओलं फडकं गुंडाळल्यासारखं वाटतं. वाट बघणं जड जातं, काका. पण चुकीच्या आजाराचं औषध वर्षानुवर्षं घेण्यापेक्षा थांबलेलं बरं, हे मला पटलंय.

पत्र लिहायचं खरं कारण तुम्ही आहात. घरात कुणाला काय झालं होतं असं विचारलं, तेव्हा मी बाबांचं आणि आत्याचं सांगितलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली, दोघांचीही. "सख्खी भावंडं का?" असं डॉक्टरांनी पुन्हा विचारून घेतलं. माझ्या डागांशी त्याचा संबंध नाही. पण एकाच घरात दोघांना झालं, तर सख्ख्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावं म्हणाले. मी, दादा, आत्याची मुलं, आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही. तुमची तर दोन्ही भावंडं गेली.

साधा एमआरआय नको, एमआर अँजिओग्राफी म्हणून सांगा, त्यात मेंदूतल्या रक्तवाहिन्या दिसतात. त्याच मशीनमध्ये होते, बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. माझी झाली, फुगवटा नाही. तुमच्यात सापडला तरी लगेच ऑपरेशन असं नसतं. लहान असेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. सिगारेट मात्र आजपासून बंद करा आणि बीपीची गोळी चुकवू नका. सिगारेट आणि वाढलेलं बीपी, दोन्हींमुळे तो फुटायचा धोका वाढतो.

आत्याच्या शेवटच्या फोटोत तिची एक पापणी उतरलेली दिसते, बघा. फुगवट्याचा दाब डोळ्याच्या नसेवर आला की असं होतं. तसं काही दिसलं, किंवा एकाएकी कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर गोळी घेऊन पडून राहू नका, तडक हॉस्पिटल गाठा. काकूलाही हे वाचून दाखवा.

तारीख ठरली की कळवा. रिपोर्टचा फोटो पाठवा, मी इथेही दाखवून घेईन.

तुमची लाडकी,
छोटी