सोमालियातली भावकी आणि ज्वारीचं पेव

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की सोमालिया हा टोळ्यांचा मुलूख आहे, तिथं समेट व्हायचा नाही, जगानं तिथं पैसा ओतणं बंद करावं. पत्र सुबक होतं. पण लिहिणाऱ्यानं तिथली माती पाहिलेली नाही हे दुसऱ्याच ओळीत कळलं. मी पाहिली आहे. १९९३ च्या शेवटापासून पुढचं जवळजवळ सबंध वर्ष मी सोमालियाच्या दक्षिणेतल्या बैदोआ शहरात ड्यूटी केली, संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून. महार रेजिमेंटचा जवान, गाव मंगळवेढा तालुक्यात, आता राहायला जुळे सोलापूरला. फौजेतून हवालदार म्हणून सुटलो आणि नंतर बारा वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलो. बसल्या बसल्या पेपर वाचायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही.

परवा सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर एक पोरगं दुसऱ्या काटकुळ्या पोराला म्हणालं, "काय बे, सोमालियाहून आलास काय?" सगळे हसले. नव्वदच्या दशकातला तो विनोद अजून चालतो याचं मला नवल वाटलं. १९९२ साली बैदोआला मृत्यूचं शहर म्हणायचे, ते खरं आहे. पण ती माणसं नुसत्या दुष्काळानं मेली नव्हती. बैदोआचा भाग म्हणजे त्या देशाचं धान्याचं कोठार. तिथं पिकतं काय? ज्वारी. तांबड्या दाण्याची, आपल्या मालदांडीपुढं ठेंगणी, पण ज्वारीच. पहिल्या दिवशी गाडीतून ते रान पाहिलं आणि माझ्या पोटात कालवलं. आणि ती माणसं ज्वारी साठवतात कशात? जमिनीत खणलेल्या पेवात! माझ्या आजोबाच्या वाड्यापुढं होतं तसलंच पेव. ते त्याला बकार म्हणतात.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारेची एकवीस वर्षांची हुकूमशाही पडली. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्ष त्याची पळणारी फौज आणि तिच्या मागावरची बंडखोर जनरल ऐदीदची फौज, दोन्ही या भागातून मागंपुढं गेल्या. जाता-येता पेवं फोडली, बैल-उंट नेले. इथला शेतकरी दोघांच्याही भांडणात नव्हता. त्याच्याकडं बंदूक नव्हती आणि पेव होतं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला तुम्ही टोळीवाला म्हणणार?

आता भावकीचं. सोमाली माणसाची भाषा जवळपास एक, धर्म एक, पंथही एक. तरी फूट पडते ती बापजाद्यांच्या नावावरून. आपल्याकडं हेळवी बैलावर बसून येतो आणि वही उघडून पिढ्या वाचतो. तिथं प्रत्येक पोरगं स्वतःच हेळवी असतं, आठ-दहा वर्षांचं पोर वीस पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतं. त्यांच्यात कुणी कुणाला मारलं तर रिवाजानं दंड बसतो. पुरुषाच्या जिवाला शंभर उंट, बाईच्या जिवाला पन्नास (हा हिशेब मला तेव्हाही खटकला, आजही खटकतो). पण हे उंट मारणारा एकटा देत नाही, त्याची सगळी भावकी वर्गणी काढून देते. म्हणून एखादं पोरगं बंदूक घेऊन उठलं की पहिल्यांदा त्याचा चुलताच आडवा येतो, कारण उंट त्याचेही जाणार असतात. भावकी भांडण लावते हे आपल्याला लगेच दिसतं. भांडण थोपवणारीही तीच, हे मला तिथं महिनोन् महिने झाडाखाली पहारा देत उभं राहिल्यावर दिसलं.

म्हातारी माणसं बाभळीच्या सावलीत बसायची. सकाळी बसली की उन्हं कलेपर्यंत. एक बोलला की दुसरा त्याचंच बोलणं परत सांगायचा, मग आपलं मांडायचा. आमच्या तरुण साहेबांचा जीव मेटाकुटीला यायचा. आमचा दुभाषा आधी शाळामास्तर होता. हिंदी सिनेमे पाहून शिकलेलं हिंदी बोलायचा, त्यामुळं खून-मारामारीचा मजकूरसुद्धा डायलॉगसारखा ऐकू यायचा. तो म्हणाला, घाई केली तर बोलायचं राहून जातं, आणि राहिलेलं बोलणं रात्री बंदुकीतून येतं.

आमच्या घरातलं सांगतो. विहिरीच्या पाळीवरून माझं आणि चुलतभावाचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तहसील झालं, कोर्ट झालं, वकिलांच्या पोरांची शिक्षणं आमच्या पैशावर झाली. "झालं गेलं विसरा" म्हणणारे पाहुणे तर ढिगानं आले. शेवटी चुलत्याच्या दहाव्याला मामानं दोघांना गोठ्यात बसवलं आणि पहिल्यांदा एकच विचारलं, त्या वर्षी जळालेली मोटार कुणाच्या पैशानं दुरुस्त झाली? चार हजार माझे गेले होते. भावानं ते तिथंच मोजले. मग वाराप्रमाणे पाळ्या लिहायला अर्धा तासही लागला नाही. अकरा वर्षं अडकलं होतं ते पाण्यात नव्हतं, त्या चार हजारांत होतं.

सोमालियात बाहेरच्यांनी नेमकं हेच केलं नाही. २७ मार्च १९९३ ला अदिस अबाबात पंधरा गटांच्या पुढाऱ्यांनी करारावर सह्या केल्या. शस्त्रं टाकायची, राज्य वाटून चालवायचं. कुणाची पेवं फोडली, कुणाच्या जमिनीवर कोण बसलंय, तो हिशेब झाडाखालच्या माणसांकडं होता, आणि तो कुणी मागितला नाही. खुर्च्यांचा हिशेब तेवढा झाला. सव्वादोन महिन्यांत, ५ जूनला, राजधानी मोगादिशूत चोवीस पाकिस्तानी जवान मारले गेले. ऑक्टोबरात अठरा अमेरिकन गेले आणि अमेरिकेनं गाशा गुंडाळायचं ठरवलं. त्या एका रात्रीची गोष्ट सगळ्या जगाला पाठ आहे. आमच्या ब्रिगेडची बारा माणसं परत आली नाहीत, त्यांत बैदोआतले आमचे डॉक्टर होते. त्यांच्याबद्दल सोलापुरात मला आजवर कुणी विचारलेलं नाही. असो.

त्याच १९९३ साली, त्याच देशाच्या वायव्य टोकाला, बोरामा गावात वेगळंच चाललं होतं. १९८८ मध्ये बारेच्या विमानांनी हरगैसा शहर बेचिराख केलं तोच हा भाग. मे १९९१ मध्ये त्यांनी आपण सोमालीलँड म्हणून वेगळे झालो असं जाहीर केलं. पण जाहीर करून पोट भरत नाही, वर्षभरात आपसातच जुंपली. तेव्हा वडीलधारी मंडळी बोरामात जमली आणि जवळपास चार महिने बसली. खर्चाचा मोठा वाटा तिथल्याच लोकांनी उचलला. बारेच्या बाजूनं लढलेल्या भावक्याही त्या बैठकीत होत्या. त्यातून वडीलधाऱ्यांचं एक वेगळं सभागृह निघालं, त्याला गुर्ती म्हणतात. पुढं २००३ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत निकाल जाहीर झाला तेव्हा फरक होता ८० मतांचा. ऐंशी! आपल्याकडं सोसायटीच्या निवडणुकीत एवढ्यावर डोकी फुटतात. तिथं हरलेला कोर्टात गेला आणि घरी परतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर खुर्चीवरचा अध्यक्ष हरला आणि विरोधकाच्या हाती कारभार देऊन बाजूला झाला.

तिथंही सगळं गोडगोड नाही. २०२३ मध्ये पूर्वेकडच्या लास आनोदला तोफा चालल्या, कारण तिथल्या भावक्यांना सोमालीलँडमध्ये राहायचंच नव्हतं आणि हरगैसातल्या त्यांच्या सरकारनं ते ऐकून घेतलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांच्या फौजेला तिथून मागं हटावं लागलं. म्हणजे झाडाखाली बसून जे मिळवलं ते तोफेनं राखता येत नाही, हे त्यांनाही महागात पडून कळलं.

दक्षिणेत मात्र समेटाच्या सभा परदेशात भरत राहिल्या. २००० साली जिबूतीत, मग २००२ पासून दोन वर्षं केनियात. हॉटेलचं बिल दुसराच भरतोय म्हटल्यावर उठायची घाई कुणाला? त्यातून एक सूत्र निघालं, साडेचारचं. चार मोठ्या भावक्यांना एकेक सारखा वाटा, आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. भांडण थोपवायला तेव्हा ते कामी आलं असेल, नाकारत नाही. पण मी त्या अर्ध्यापाशी थांबतो. त्यात कोण आहे? जुब्बा नि शबेले नद्यांच्या काठचे बांटू शेतकरी आहेत. त्यांतल्या अनेकांचे पणजे गुलाम करून आणलेले. त्यांना केसांवरून हिणवतात, त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत, आणि लढाईत सगळ्यात आधी त्यांच्याच सुपीक जमिनी गेल्या. माझी आजी गावकुसाबाहेर जन्मली. अर्धा माणूस म्हणजे काय हे मला दुभाषानं समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून मोगादिशूचं सरकार एक माणूस एक मत म्हणतं तेव्हा माझा हात आपोआप वर जातो. पण लगेच खालीही येतो. मार्च २०२४ मध्ये संसदेनं राज्यघटनेत बदल केले, आणि पुंटलँड या ईशान्येकडच्या राज्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं की आम्ही केंद्राला मानत नाही. त्या वर्षाच्या शेवटी दक्षिणेतल्या जुबालँड राज्याशी बिनसलं आणि रास कंबोनीला केंद्राची आणि राज्याची फौज एकमेकांवर गोळ्या झाडत होती. ज्या फौजांनी अल-शबाब या दहशतवादी संघटनेशी लढायचं त्या! या राज्यांची तक्रार अशी, की नियम तुम्ही ठरवणार, पंच तुम्ही नेमणार आणि खेळणारही तुम्हीच. तक्रार करणारेही काही साधुसंत नाहीत, स्वतःची मुदत वाढवून घेण्यात ते पटाईत आहेत. पण मतपेटी गावात नेण्याआधी गाव एका जागी बसवावं लागतं. तिथं ते अजून झालेलं नाही.

मग आशा कुठं आहे? मला ती २०२२ मध्ये, देशाच्या मधल्या हिरान प्रांतात दिसते. अल-शबाब खंडणी मागतं, विहिरी उडवतं, पोरं ओढून नेतं, याला कंटाळून तिथले धनगर-शेतकरी स्वतः उठले. लोक त्यांना मअविस्ले म्हणतात, म्हणजे लुंगीवाले. लुंगी नेसलेली माणसं जुन्या बंदुका घेऊन पुढं, सरकारी फौज मागून, असं करत त्यांनी वर्षानुवर्षं अडकलेली गावं सोडवली. यासाठी एकमेकांच्या कुरणावर उंट न घालणाऱ्या भावक्यांना आधी आपसात मिटवावं लागलं, आणि तेवढ्यापुरतं त्यांनी मिटवलं. पुढं वरचे पुढारी आपसात भांडत राहिले, आणि २०२५ मध्ये त्यांतला काही मुलूख परत हातचा गेला. तरी एकदा जमलं होतं, हे त्या लोकांच्या लक्षात आहे. त्यांची म्हणच आहे: शांतता नि दूध, लढाई नि दुष्काळ. जोडीनंच येतात.

आता त्या पेवाचं सांगतो आणि संपवतो. ऑगस्ट १९९४ मध्ये बैदोआबाहेरच्या एका वस्तीत आमची गाडी थांबली होती. एक म्हातारा पेव भरत होता. तळाला आणि कडेनं कडब्याचा थर, वरून तांबडी ज्वारी. दोन नातू टोपल्या ओतत होते. मी टोपलीतली मूठभर उचलून वास घेतला, तसा तो हसला. दुभाषाकरवी मी सांगितलं, आमच्याकडंही असंच असतं, फक्त आम्ही पेव उघडल्यावर आतली हवा पारखायला आधी कंदील सोडतो, कंदील विझला नाही तर माणूस उतरतो. तो म्हणाला, आम्ही दिवसभर उघडं ठेवतो. मग म्हणाला, गेल्या साली पीक होतं, पण पेव भरलं नव्हतं. धान्य घरातच पोत्यांत ठेवलं, उचलून पळता येतं म्हणून. यंदा भरतोय. त्यानं वरून माती लोटली आणि अनवाणी पायांनी दाबत गोल गोल फिरला.

डिसेंबरपर्यंत आम्ही समुद्रमार्गे निघालो. नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९९५ मध्ये, ऐदीदच्या फौजेनं बैदोआ घेतलं. ते परत मिळवायला तिथल्या लोकांना १९९९ उजाडलं. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्या नव्या संसदेची देशाच्या मातीवरची पहिली बैठक भरली, ती बैदोआतल्या धान्याच्या गोदामात. मोगादिशूत बसायची सोय नव्हती. पेपरात फोटो आला होता. बँकेच्या दारातल्या खुर्चीवर बसून मी तो बराच वेळ पाहिला. सभासदांकडं माझं लक्ष नव्हतं. पत्रे पाहत होतो, आम्ही पोती उतरवली ते गोदाम हेच का म्हणून.

आपला,
एक निवृत्त हवालदार, जुळे सोलापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)

ता. क. त्या पत्राशेजारी आपण जो नकाशा छापला, त्यात बैदोआ समुद्रकाठी दाखवलंय. ते आत आहे, मोगादिशूपासून अडीचशे किलोमीटर. तेवढं दुरुस्त करावं.