क्रेटच्या तळाशी काय आहे, तेही दाखवा

महोदय,

कणकवलीत माझी छोटी खाणावळ आहे. पावसाळ्यात टोमॅटो घेताना दरवर्षी पोटात गोळा येतो. २०२३ च्या मार्च-एप्रिलात शेतकऱ्याला कवडीमोल भाव मिळाला, अनेकांनी लागवड आवरती घेतली आणि जुलैत किरकोळ भाव शंभरीपार गेला. त्या महिन्यात मी आमटीत आमसूल घालून वेळ मारून नेली. कोंबडीच्या रश्श्याला मात्र टोमॅटो लागतोच.

आपल्याकडे पावसात टोमॅटो टिकत नाही. मुळाशी पाणी साचलं की रोप मर रोगाने जातं. त्यामुळे सगळी भिस्त घाटावरून येणाऱ्या मालावर, आणि फोंडा किंवा करूळ घाटात दरड आली की गाडी अडकते. भाव वाढला तर समजू शकते. पण वीस किलोच्या क्रेटमध्ये वरचा थर टणक, लालबुंद, आणि खाली हात घातला की बोटं आंबट पाण्यात! दोन-तीन किलो माल तिथेच फेकावा लागतो, पैसे मात्र अख्ख्या क्रेटचे. तक्रार केली तर "घ्यायचं तर घ्या" हे उत्तर ठरलेलं.

क्रेट ओतून, निवडून, वजनावर विक्री व्हावी. कोल्हापूर बाजारातला त्या दिवशीचा घाऊक भाव मंडईत फळ्यावर लिहावा. आणि भात कापल्यावर आमच्याच मळ्यांत टोमॅटो लावणाऱ्यांना रोपं वेळेवर मिळावीत. निदान हिवाळ्यात तरी ताजा माल गावातच मिळेल.

— एक खाणावळचालक, कणकवली