कलर वॉर फुटण्याआधी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. उन्हाळी कॅम्पवर फोन जमा करून घेतात याचा मला दरवर्षी आनंद होतो, कारण त्यामुळे तुझं अक्षर घरी येतं. ‘आई, कुणाला बोलू नकोस, मला ब्रेकआउटच्या कमिटीत घेतलंय’ ही ओळ वाचून मी स्वयंपाकघरातच मोठ्यांदा हसले. बाबांखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तू विचारलंस, तुमच्या वेळी कलर वॉर कसं फुटायचं? म्हणजे कॅम्पवरच्या दोन रंगांच्या संघांचे सामने अचानक कसे जाहीर व्हायचे, तुमच्या भाषेत ब्रेकआउट कसं व्हायचं? आठवतं ते सगळं लिहिते. सोबत थोडं माझं मतही लिहिते, कारण आजवर तू चकित होणाऱ्यांत होतीस, यंदा चकित करणाऱ्यांत आहेस.

आम्ही ठाण्याहून न्यू जर्सीला आलो तेव्हा माझी सातवी झाली होती. पुढच्याच उन्हाळ्यात, 1986 साली, आजोबांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मला पेनसिल्व्हेनियात, वेन काउंटीतल्या कॅम्पवर पाठवलं. आजीला ते मुळीच पटलं नव्हतं. सुटी म्हणजे आजोळ, मे महिना, आंबे आणि मामा. इथे सुटी जुलैत, वर आंघोळीला तळं आणि झोपायला लाकडी बंक, तेही अनोळखी मुलींबरोबर! आजीने ट्रंकेत मेतकुटाचा डबा घातला होता. तो माझ्या शेजारच्या मुलीनेच जास्त संपवला.

पहिले आठ-दहा दिवस मी फारशी बोललेच नाही. इंग्रजी कळायचं, पण तोंडातून निघेपर्यंत विषय बदललेला असायचा. आणि अचानक सगळ्या मुली एकाच गोष्टीबद्दल कुजबुजायला लागल्या. क्राफ्टच्या खोलीला दुपारी कुलूप का होतं? डायनिंग हॉलमागे खोकी कसली उतरवली? अमुक काऊन्सेलर, म्हणजे आम्हाला सांभाळणारी ताई, रात्री जेवायला का नव्हती? ‘आज ब्रेक होणार’ असं रोज रात्री कुणीतरी शपथेवर सांगायची. काय तुटणार आहे हे मला कळेना आणि विचारायची हिंमत होईना. मग माझ्या वरच्या बंकवरच्या मुलीने टॉर्चच्या उजेडात कागदावर चित्र काढून समजावलं. अख्ख्या कॅम्पचे दोन भाग, एक निळा, एक पिवळा. चार दिवस प्रत्येक गोष्टीत सामना. धावणं, पोहणं, रस्सीखेच, नाटुकली, गाणी, अगदी जेवताना शांत बसण्यालासुद्धा गुण. आणि ते कधी सुरू होणार हे कुणालाच माहीत नसतं. गंमत खरी त्यातच, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

ते फुटलं रात्री. टॅप्सचा, म्हणजे झोपायच्या वेळेचा, बिगुल वाजून गेला होता, आम्ही पांघरुणात होतो, आणि आमच्या काऊन्सेलरने शांतपणे सांगितलं, ‘स्वेटर घाला, शूज घाला, फ्लॅगपोलपाशी चला.’ नाइट ड्रेसवरच सगळा कॅम्प ओल्या गवतातून निघाला. तिथे पोचल्यावर पाच मिनिटं काहीच घडलं नाही. मोठ्या मुली म्हणाल्या, ‘फेक आहे, परत पाठवतील.’ मग रस्त्याच्या वळणावरून बंब आला. त्या भागातले बंबवाले बहुतेक स्वयंसेवकच असतात, दिवसा दुकान किंवा शेती सांभाळणारे गावकरी. भोंगा नव्हता, फक्त फिरते दिवे. शिडीवर चौघे कॅप्टन उभे, दोघांचे चेहरे निळे रंगवलेले, दोघांचे पिवळे, आणि ते मूठ-मूठ कागद उधळत होते. कागदांवर दोन्ही बाजूंच्या याद्या छापलेल्या.

पुढचा गोंधळ मी कधी विसरणार नाही. सगळे गुडघ्यांवर बसून टॉर्चने नावं शोधताहेत, ओरडताहेत, जिवलग मैत्रिणी वेगळ्या बाजूंना गेल्या म्हणून एकमेकींच्या गळ्यात पडताहेत. मी कागद हातात धरून उभी होते. तेवढ्यात एका मुलीने, जिच्याशी मी तोवर अक्षर बोलले नव्हते, मला दंडाला धरून ओढलं, ‘तू आमच्यात आहेस!’ आणि माझ्या दोन्ही गालांवर निळ्या रंगाची बोटं ओढली. त्या रात्रीनंतर मला कधी बोलायची भीती वाटली नाही. निळ्या संघाला घोषणा द्यायला आवाज हवे होते, आणि ठाण्याच्या शाळेत कबड्डीच्या मैदानावर कमावलेला आवाज माझ्याकडे होता.

नंतरच्या वर्षांत बरंच पाहिलं. एका वर्षी एका इंजिनाचं छोटं विमान आलं. आम्ही सॉफ्टबॉल खेळत होतो, ते मैदानावरून दोन घिरट्या घालून गेलं आणि पत्रकं पाडली. वाऱ्याने निम्मी पत्रकं झाडांत अडकली, ऑगस्ट संपेपर्यंत हेमलॉकच्या फांद्यांवर आमची नावं लटकत होती. सगळे त्या विमानाचंच बोलायचे. पण मला विचारशील तर ते ब्रेकआउट तेवढं रंगलं नाही. पोरं आकाशाकडे बघत वेगवेगळ्या दिशांना पळाली, आणि याद्या हातात येईपर्यंत पहिला जोर ओसरला होता. सर्वांत भारी होतं ते बिनखर्चाचं. सकाळी नेहमीसारखा झेंडा चढवला, आणि झेंड्याच्या दोरीवर, खाली थोडं अंतर सोडून, एक निळं आणि एक पिवळं फडकं वर गेलं. कुणी काही बोललं नाही. डायरेक्टर रोजच्यासारखे हवामान आणि न्याहारी सांगत राहिले. पहिल्यांदा दिसलं ते सर्वांत धाकट्या बंकमधल्या, म्हणजे लहानांच्या खोलीतल्या, एका सात-आठ वर्षांच्या मुलाला. त्याने नुसतं बोट वर केलं. शेजारच्याने पाहिलं, मग त्याच्या शेजारच्याने. ओळीतून ती बातमी एकही शब्द न बोलता सरकताना मी पाहिली, आणि मग जो आवाज उठला तो तळ्याच्या पलीकडच्या कॅम्पवर गेला असेल. तुमच्या कमिटीत कुणी पैशांचा विषय काढला तर हे नक्की सांग.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते.

मी काऊन्सेलर झाले तेव्हा खोट्या ब्रेकआउटची चढाओढ लागलेली असायची. मुलांना इतकं हुलकावायचं की खरं आलं तरी विश्वास बसू नये. दोन काऊन्सेलर डायनिंग हॉलमध्ये कडाकडा भांडायचे, एक जण ताट आपटून ‘मी घरी चाललो’ म्हणत बाहेर पडायचा. एका कॅम्पवर, जिथे मी एकच उन्हाळा होते, तिथले काऊन्सेलर त्याहून पुढे गेले. रात्री सांगितलं की एक मूल सापडत नाहीये. सगळ्यांना अंधारात मैदानावर आणलं, काऊन्सेलर खोटं खोटं रडत होत्या, आणि मग फटाके फुटले, संघ जाहीर झाले. बहुतेक मुलं उड्या मारत होती. माझ्या बंकमधली एक मुलगी मात्र त्यानंतर दोन रात्री दिवा लावून झोपली. दिवसा ती व्यवस्थित खेळत होती, हसत होती, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. रात्री ती मला विचारायची, ‘ते मूल खरंच सापडलं ना?’ असं कुठलंच मूल नव्हतं, हे तिला पटवणं फार कठीण गेलं.

याउलट माझ्या जुन्या कॅम्पवर तळ्याची जबाबदारी असलेली एक बाई होती. कुणीतरी सुचवलं की बडी चेकच्या वेळी, म्हणजे पोहणाऱ्यांच्या जोड्या मोजताना, ब्रेकआउट करू. शिट्टी वाजते, सगळे जोडीदाराचा हात वर धरून उभे राहतात, पाण्यात आणि डॉकवर पूर्ण शांतता, आकडे मोजले जातात, आणि तेव्हाच वळणामागून रंगवलेल्या कनू येतात. दृश्य खरंच सुंदर झालं असतं. ती म्हणाली, नाही. कारण तिने एका वाक्यात दिलं: माझी शिट्टी वाजली की एकाही मुलाच्या मनात ‘हे खोटं असेल’ असं येता कामा नये. हरवलेल्या पोहणाऱ्याचा सराव तूही केला आहेस. सगळ्या काऊन्सेलरनी हातात हात घालून छातीभर पाण्यात ओळ करायची आणि पायांनी तळ चाचपत पुढे जायचं. तो सराव करताना पोटात जे होतं ते आठव, आणि मग तूच ठरव की त्या शिट्टीचा खेळ करायचा की नाही.

तुझ्या पिढीने शाळेत लॉकडाउनचे सराव केले आहेत, बाकाखाली अंधारात बसून. आमच्या वेळी ते नव्हतं. त्यामुळे अनोळखी माणूस आवारात शिरला, आग लागली, कुणी हरवलं, ताबडतोब आत लपा, असल्या कल्पना कुणी गंमत म्हणून पुढे आणल्या तर तू स्पष्ट नाही म्हण. सर्वांत नवी म्हणून गप्प बसू नकोस. बऱ्याच कॅम्पांनी असले प्रकार आता सोडले आहेत. खेळांची नावंही बदलली: शेवटच्या दिवशीच्या मोठ्या रिले शर्यतीला आम्ही अपाचे रिले म्हणायचो, ते नाव अनेक ठिकाणी गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. कुठल्याही जमातीचं नाव अंड्या-चमच्याच्या शर्यतीला का द्यायचं? काही कॅम्प तर ‘वॉर’ हा शब्दच टाळतात. हे सगळं फार जुन्या मुळांशी जोडलेलं आहे, बरं का. अमेरिकेतला पहिला कॅम्प म्हणून बहुतेक जण ज्याचं नाव घेतात तो 1861 चा. कनेटिकटमधल्या फ्रेडरिक विल्यम गन नावाच्या शिक्षकाने शाळेतल्या मुलांना चालवत समुद्राकाठी नेलं आणि तंबूत ठेवलं. यादवी युद्ध नुकतंच सुरू झालं होतं आणि मुलांना सैनिकांसारखं राहायचं होतं. बिगुल, ओळीत उभं राहणं, सकाळचा झेंडा, या गोष्टी पाहिल्या की मला ते आठवतं.

याद्यांबद्दल एक सांगते, कारण नवख्यांना वाटतं ब्रेकआउट म्हणजे फक्त दिवे आणि रंग. खरी मेहनत याद्यांची. आम्ही रात्री स्टाफ लॉजमध्ये लांब टेबलावर प्रत्येक मुलाच्या नावाची पत्त्यांएवढी कार्डं मांडायचो. पोहणारे इकडे किती, तिकडे किती. गाणारे कुठे गेले. सख्खी भावंडं एकाच बाजूला ठेवायची असा आमचा नियम होता. ज्यांना घरची फार आठवण येते त्यांच्याबरोबर निदान एक मैत्रीण हवी. नर्स यायची आणि हळूच सांगायची, याला धावायला लावू नका, हिचा घोटा दुखतोय. मग एक कार्ड हलवलं की दहा हलवावी लागायची. पहाटे दोन-तीन वाजता आमची भांडणं व्हायची ती एखाद्या नऊ वर्षांच्या मुलावरून, ज्याला जेमतेम चेंडू झेलता यायचा आणि ज्याला दोन्ही कॅप्टन मागत होते, कारण तो हरतानाही सगळ्यांना हसवायचा. मला ते टेबल ब्रेकआउटइतकंच प्रिय आहे. मुलांना ते कधी दिसत नाही.

बाकीचे चार दिवस तुला माहीतच आहेत. रोप बर्नबद्दल, म्हणजे जाळ पेटवून वर बांधलेली दोरी आधी कोण जाळतं त्या सामन्याबद्दल, एवढंच सांगते की निळ्यांनी एकदा ओली लाकडं रचली होती आणि मी त्यांना ती काढायला लावली, कारण आजोळी चुलीपुढे बसल्यावर धूर आणि जाळ यातला फरक मला कळलेला होता. दोरी आमची आधी तुटली. शेवटच्या रात्रीची गाणी मला अजून पाठ आहेत. मात्र ती पत्रात लिहून उपयोग नाही, घरी आलीस की म्हणून दाखवेन.

आता कामाचं. ज्यांना आधी सांगायला हवं त्यांची यादी कर: स्वयंपाकघर, नर्स, रात्रीचा पहारा, आणि फटाके किंवा बंब असेल तर गावातला पोलीस आणि शेजारचे लोक. मुलांचे शूज घातलेले असू देत, अनवाणी पोरं खडीवर पळवू नका. दोन्ही रंगांचे चार-पाच टी-शर्ट जास्तीचे ठेव, कुणीतरी एखादा उशिरा येतोच. लहान बंकमधल्या काऊन्सेलरना खुणेने आधी कळू दे, म्हणजे घाबरणाऱ्या मुलाचा हात त्या क्षणी कुणाच्या तरी हातात असेल.

आणि इन्फर्मरी, म्हणजे आजारी मुलांची खोली, विसरू नकोस. ताप आलेलं एखादं तरी मूल तिथे असतंच. मी तेरा-चौदा वर्षांची असताना एकदा खिडकीतून सगळं ऐकलं होतं, आणि माझा संघ मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळला. तुमच्या वेळी एका कॅप्टनला रंगाची डबी देऊन तिथे आधीच पाठव, आणि बाहेर आरडाओरडा सुरू होईल त्याच मिनिटाला त्याने आत जाऊन त्या मुलाला त्याचा रंग सांगावा.

टॉर्चची नवी बॅटरी आणि तू मागितलेला निळा रंग पार्सलने पाठवते आहे. पिवळा तिथे मिळेल असं तू लिहिलंस, तरी दोन बाटल्या टाकल्या आहेत. मेतकूटही आहे. झालं की सविस्तर लिही: कोण कुठे उभं होतं, पहिल्यांदा कुणाला कळलं, सगळं. बाबांनी लाड पाठवले आहेत.

तुझी,
आई