सरवा

पॅरिस, सोमवार रात्र

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

काल फोन उचलला नाही म्हणून आई रुसली असेल. आम्ही पाच जण दिवसभर बार्बिझाँला होतो, आणि जंगलात रेंज नव्हती. पॅरिसच्या दक्षिणेला फाँतेनब्लोपर्यंत लोकलनं पाऊण तास, तिथून सायकली भाड्यानं. आई, पाचातले चौघे तू व्हिडिओ कॉलवर पाहिलेस : आमची नागपूरकर, ट्युनिशियाची ती मोठ्यानं हसणारी, तिचा नवरा, आणि ज्याला तू 'खांब' म्हणतेस तो उंच फ्रेंच पोरगा.

जंगल मोठं. पण वाट वाळूची, चाकं रुतायची. मधूनच घराएवढाले गुळगुळीत खडक, त्यांवर चढायला पोरं पाठीवर गाद्या बांधून आलेली. पडलं तर गादीवर! खांबाची सायकल तिथंच पंक्चर झाली आणि उरलेले तीन किलोमीटर सगळेच चालत गेलो. एकट्याला मागं कसं सोडणार.

बार्बिझाँ म्हणजे एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंना दगडी घरं. आता सगळी हॉटेलं नि चित्रांची दुकानं, भाव विचारू नका. पण एकोणिसाव्या शतकात इथं कफल्लक चित्रकार राहायचे. त्यांची खानावळ अजून आहे. पाऊस लागला की बाहेर जाता येईना, मग पठ्ठ्यांनी तिथली कपाटं नि दारंच रंगवून ठेवली. आई, आपल्या कपाटावर मी खडूनं मोर काढला होता तेव्हा पाठीत धपाटा मिळाला होता. नोंद असावी.

धपाट्यावरून आठवलं, डबा मी केला होता. ज्वारीचं पीठ इथल्या भारतीय दुकानातलं, तुझ्यासारखे झाले नाहीत, कडा चिरल्या. पण ह्या भागातलं ब्री नावाचं मऊ चीज उन्हानं वितळून वाहायला लागलं होतं, ते धपाट्याला लावलं आणि वर लसणाची चटणी. खांबानं चार खाल्ले आणि मग अर्धा लिटर पाणी प्यायला.

आता बाबा, तुमच्यासाठी. हिवाळ्यात मी म्युझियममधून एका चित्राचा फोटो पाठवला होता, आठवतो? कापणी झालेल्या शेतात तीन बायका वाकलेल्या. मिले नावाच्या चित्रकाराचं, १८५७ सालचं. तुम्ही उत्तरात दोनच शब्द लिहिले होते, 'सरवा वेचतायत.' पुढं काही नाही.

तो मिले इथलाच. म्हणजे जन्म नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याघरचा, पण १८४९ला इथं आला आणि १८७५ला इथंच गेला. घर पाहिलं, पण मला ओढ होती ती शेताची. गावाबाहेर पडलं की सपाट मैदान सुरू होतं, शेजारच्या शैयी गावापर्यंत. गहू नुकताच निघाला होता. नुसती धसकटं, पायाला टोचणारी, आणि तो कोरडा गोड वास. डोळे मिटले तर औसा रोडवर उभी आहे असं वाटावं.

चित्रात मागं लांबवर धान्याच्या गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला मुकादम आहे. तो इतका बारीक काढलाय की पहिल्यांदा मला दिसलाच नव्हता. तुम्हाला दिसला होता का? आणि डावीकडची बाई : उजवा हात जमिनीकडे, डावा पाठीवर, मुठीत वेचलेल्या लोंब्या. आजीची कंबर कायमची वाकलेली होती ती म्हातारपणानं, असंच मी धरून चालले होते.

खांब म्हणाला, जुनी रीत आहे, कापणीनंतर हातानं, सूर्य मावळायच्या आत वेचलेलं गरिबाचं. त्याच्या पणजीनं वेचलंय. ट्युनिशियावाली म्हणाली, आमच्याकडे ऑलिव्ह. नागपूरकर म्हणाली, कापूस. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सरवा हा शब्द सांगितला, पण पुढं सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. आजी कुणाच्या रानात जायची? कणसं का शेंगा? तुम्ही सोबत असायचात? की मित्र बघतील म्हणून दुसऱ्या वाटेनं शाळेत जायचात? हे शेवटचं मी आपलं मनानं विचारतेय, रागावू नका.

मी सात लोंब्या वेचल्या. वाकून, एकेक. सातव्या लोंबीला पाठ भरून आली. आता त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात ठेवल्यात.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आणा, उद्यावर टाकू नका. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, चहाआधी का नंतर ते डॉक्टरांना एकदा नीट विचारा.

आणि उत्तर कागदावर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्दांत चालणार नाही.

तुमची,
मनू