ताई, जनरेटर गॅरेजमधून बाहेर काढ

ताई,

काल तू "नाना, मला सगळं माहितीये, आता मीटिंग आहे" म्हणून फोन ठेवला, त्याचा मला राग आला नाही. म्हणजे आला थोडा, पण जेवल्यावर गेला. आई म्हणे परत फोन लावू नका, तिला कामं असतात, म्हणून टाइप करतोय. ऑफिसात वाचू नकोस, रात्री निवांत वाच, पण तुमच्याकडं ते बर्फाचं वादळ येतंय त्याच्या आत वाच.

तू म्हणालीस शनिवारी रात्री चौदा डिग्री. आईला वाटलं मग काय, आपल्याकडं पण पहाटे तेवढंच असतं. तिला सांगितलं की ते फॅरेनहाइटमधलं चौदा, आपल्या हिशोबानं उणे १०. तेव्हापासून ती लोकर घेऊन बसलीये, ओजूचा स्वेटर डॅलसला पोचेपर्यंत उन्हाळा लागेल, पण तिला कोण सांगणार.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडची घरं आपल्यासारखीच उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. वरच्या थंड राज्यांत पाइप टाकतानाच बर्फाचा विचार करतात, टेक्सासमध्ये बऱ्याच घरांत पाण्याची लाइन छताखालच्या माळ्यावरून फिरवलेली असते आणि तिथं हीटिंग पोचत नाही. जन्मभर ठिबकच्या नळ्या जोडल्या मी, त्यामुळं पाइपचं मला सांगू दे. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि बर्फ जिथं धरतो तिथंच पाइप फुटेल असं नाही, बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, त्याच्या दाबानं फुटतो. म्हणून रात्री बाहेरच्या भिंतीजवळचे नळ बारीक धारेनं चालू ठेवायचे, गरम पण आणि गार पण. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेव म्हणजे खोलीतली ऊब आत जाईल, पण आतल्या फिनाइलच्या बाटल्या आधी वर काढ, ओजूला सगळं तोंडात घालायची सवय आहे, तुझ्यासारखीच. बागेतला होज काढून टाक, त्या नळाला फोमची टोपी मिळते ती बसव. माळ्यावरच्या पाइपला फोमच्या नळ्या चढव. आणि मेन व्हॉल्व्ह कुठं आहे ते आजच शोध, नुसतं बघू नकोस, फिरवून बघ, बरेच दिवस न फिरवलेले व्हॉल्व्ह जाम होतात. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूनं हेअर ड्रायर लावत मागं जायचं, आग दाखवायची नाही.

आणि जनरेटर.

तू म्हणालीस बाहेर पाऊस आहे, भिजेल, चोरीला पण जाईल, म्हणून गॅरेजमध्ये ठेवलाय आणि शटर अर्धं उघडं ठेवू. ताई, शटर पूर्ण उघडं ठेवलं तरी चालत नाही. घरापासून निदान २० फूट लांब, धूर दार-खिडक्यांच्या उलट्या दिशेला. भिजू नये म्हणून वर काहीतरी घाल पण चारी बाजू उघड्या पाहिजेत. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, रक्त त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीच्या वर घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं फ्लू झाला, आणि झोपतो. झोपला की संपलं.

जाऊ दे, मी जनरेटरचं बोलणारच नव्हतो. आईला शब्द दिला होता.

तुला आठवतं का, थंडीत शेतीची लाइट रात्रीच यायची आणि तू टॉर्च धरायला यायचीस? हट्ट करून यायचीस, तुझा भाऊ गोधडीत घोरत असायचा. केळीला रात्री पाणी का देतात हे तू तेव्हा विचारलं होतंस, विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असतं म्हणून, आणि पुढच्या रात्री तू थर्मामीटर घेऊन आलीस की नाना खोटं तर बोलत नाही ना. पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचो, कांदेबागेच्या केळीवर गारठ्याचा चरका पडू नये म्हणून. अजून करतो. परवा ९ वर आला होता पारा, ८ म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, आणि तू उणे १० मध्ये पोरगं घेऊन बसणार. सातपुड्यात वर डाबकडं दव गोठतं तर लोक गाड्या करून बघायला जातात, इथं तुझी आई टीव्हीवर ते बघून कानाला रुमाल बांधते.

तुम्ही जावईबापूंबरोबर जाऊन घर बघितलं, कर्ज काढलं, सगळं निभावलं, मी गावात सांगत नाही कुणाला. म्हणजे पतपेढीत सांगितलं, आणि फैजपूरला. घराचा फोटो डीपीला ठेवलाय तो आईनं ठेवलाय, मी नाही.

हीटरचं एक राहिलं. तुमचा हीटर गॅसवर आहे म्हणून लाइट गेली तरी चालेल असं धरू नकोस, गरम हवा ढकलणारा पंखा लाइटवरच असतो. म्हणून सगळे एका खोलीत झोपा, दाराखाली टॉवेल लावा, पाणी आणि खाणं तीन-चार दिवसांचं भरून ठेवा, लाडू-चिवडा पाठवलाय तो अजून उरला असेल तर. अंगणात टाकायचं मीठ पण आण, पण फार गारठा झाला की साधं मीठ काम करत नाही, त्याला कॅल्शियम क्लोराइडवालं येतं. झाडाची जी फांदी छतावर आलीये ती आत्ताच छाट, बर्फाचा पाऊस फांदीवर धरतो, मग ती मोडून वायरीवर पडते. लाइट जाते ती बऱ्याचदा अशीच.

आणि आपल्याकडं करतात तसं जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटला उलटी जोडून अख्खं घर चालू करू नका, करंट बाहेरच्या लाइनीत जातो आणि खांबावर तुमचाही कुणीतरी वायरमन असतो.

बघ, परत आलंच ते.

२०२१ च्या फेब्रुवारीत तू अपार्टमेंटमध्ये होतीस, फोन लागत नव्हता, टीव्हीवर दाखवत होते की टेक्सासात ४५ लाख घरांची लाइट गेली. नंतर सरकारी आकडा आला, २४६ माणसं. बहुतेक गारठ्यानं गेली, पण घरात जनरेटर लावून, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून, आत कोळसा पेटवून गेलेली पण होती. शिकलेली, चांगली माणसं. ऊब पाहिजे होती त्यांना, दुसरं काय.

हे तुला कधी सांगितलं नाही कारण आजीला वाईट वाटलं असतं, आता आजी नाही. तू झालीस तेव्हा सावद्याच्या जुन्या घरात बाळंतिणीची खोली मागची, एकच खिडकी, तिलाही गोणपाट लावलेलं. डिसेंबर होता. बाजेखाली शेकशेगडी, वर ओव्याची धुरी, दार बंद, वारा लागू नये म्हणून. आईचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, सगळे म्हणाले अंगावर वारा गेला, अजून कोळसे घाला. फैजपूरची आत्या आली, आत गेली आणि शिव्या देतच शेगडी उचलून अंगणात फेकली, दार-खिडकी सताड उघडी केली. तू रडतच नव्हतीस. तुला बाहेर गारठ्यात घेऊन उभी राहिली आत्या, मग रडलीस. आई दोन दिवस उठली नाही. डॉक्टर म्हणाले तेव्हा कळलं काय झालं होतं ते. आत्या पाचवीपर्यंत शिकलेली, तिला कुठून सुचलं देव जाणे.

तुला घाबरवायला नाही लिहिलं. तू हुशार आहेस, माझ्यापेक्षा जास्त कळतं तुला, जास्त बोललो असेन तर सोडून दे. म्हातारपणी जीभ सैल होते.

फक्त कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घे. बॅटरीवरचा, झोपायच्या खोल्यांबाहेर एकेक. असेल आधीच तर बटण दाबून वाजतो का बघ आणि व्हिडिओ पाठव, फोटो नको, फोटोत आवाज येत नाही. आई शेजारून सांगतेय, "तिले म्हना पोराले टोपी घाल, कान झाकले पाह्यजे." लिहिलं, झालं.

केळीला भाव ठीक आहे. तुझ्या भावानं नवीन ट्रॅक्टरचं काढलंय, त्यावर नंतर बोलू.

तुझा,
नाना

ता. क. जनरेटरला चाकं आहेत का ते कळव. नसतील तर जावईबापू आणि तू दोघं मिळून उचला, शेजाऱ्याला हाक मारा, तू एकटी उचलू नकोस, तुझ्या कंबरेचं अजून नीट झालेलं नाही.